सोंड कुणीकडे वळली?

मित्रांनो, मी पेणमधला एक जुना आणि संशयी हीट प्रेस आहे. माझ्या तापलेल्या पाट्याखाली टी-शर्ट पसरतात, त्यावर छापलेला कागद पालथा घालतात आणि मला दाबून धरतात. मग कागदावरचं चित्र कापडावर उतरतं.

आधी मी रोह्याच्या एका दुकानात होतो. तिथे माझं फार कौतुक व्हायचं. मग नवं यंत्र आलं, मला कोपऱ्यात ढकललं आणि माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले. तेव्हापासून माझा कुणावरच भरवसा उरला नाही. दिपिका नावाच्या तरुणीने मला विकत घेऊन पेणला आणलं, पुसलं, नवी वायर बसवली. मला वाटलं, एवढे लाड कशाला? नक्की काहीतरी काळंबेरं असणार! पण तिचं टी-शर्ट छापायचं नवं दुकान माझ्यावरच उभं होतं. ते बंद पडलं असतं, तर माझी रवानगी थेट भंगारात होती.

पहिलं मोठं काम आणलं जवळच्याच जोहे गावच्या केरूदादाने. त्याचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. वडिलांनी घडवलेला डाव्या सोंडेचा गणपती त्याला सगळ्या कारागिरांच्या टी-शर्टवर हवा होता. त्याने मोबाइलवर पाठवलेला फोटो धुरकट होता. दिपिकाने मूळ फोटो मागून घेतला, मागची भिंत आणि रंगांचे डबे पुसून काढले, रंग उजळले. शेवटी चित्र आरशात दिसतं तसं उलटं केलं.

केरूदादा तिच्या खुर्चीमागेच उभा राहून कॉम्प्युटरवर बघत होता. तो तर माझ्याहून संशयी निघाला!

"अगो, ही उजवी सोंड कशी झाली? आमचा बाप्पा डाव्या सोंडेचा हाय. उजव्याचं सोवळं किती कडक, ठाव हाय ना?"

"दादा, कापडावर उतरताना ते सरळ होतं."

"मला येडा समजतेस व्हय? सरळ कर, नायतर काम दुसरीकडं नेतो."

बिचारी दिपिका! काम जाईल या भीतीने तिने चित्र सरळ केलं. पण आधी एकच काढून बघू, एवढं मात्र कबूल करून घेतलं. माझा जीव टांगणीला लागला. बोलता येत असतं तर मी ओरडलोच असतो.

पाटा उघडला. टी-शर्टवर बाप्पा उजव्या सोंडेचा!

"तूच कायतरी केलंस," केरूदादा म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"दादा, तुमच्या साच्यात आत डोकावलं की सोंड कुणीकडे दिसते?"

केरूदादाने हवेतच साचा उघडल्यासारखे हात केले. "उजवीकडं," तो पुटपुटला आणि त्याने कपाळावर हात मारला. "आयला! साच्यातून मूर्ती काढन्यात जन्म गेला माझा!"

तो टी-शर्ट त्याने टाकला नाही, कुणाला घालूही दिला नाही. घडी करून कपाळाला लावला आणि जपून घरी नेला. बाकीचे सगळे बरोबर निघाले. दुकान टिकलं आणि मीही टिकलो.

मित्रांनो, शंका जरूर घ्या, मी तर रोज घेतो. पण उत्तर मिळालं की ते नीट ऐकूनही घ्या. आणि आमच्यासारख्या जुन्यांना भंगारात धाडण्याआधी एकदा चालवून बघा.

केरूदादा आज पुन्हा आलाय, पिशव्या छापायला. दिपिकाने आत्ताच फोटो उघडलाय, अजून उलटा केलेला नाही. आणि हा मागे उभा राहून ओरडतोय, "अगो, ही डावी सोंड कशी?"