बुडलेली चिठ्ठी

आमगावजवळच्या त्या शाळेत अल्काबाईंनी बावीस वर्षं मराठी शिकवलं होतं. त्यांनी सांगितलेले निबंध पोरांना तोंडपाठ असत. मग कंत्राटावर दामिनीबाई आल्या, सहावीचा वर्ग त्यांना मिळाला आणि अल्काबाईंच्या पोटात दुखू लागलं. नव्याचे नऊ दिवस, असं त्या स्वतःला समजावत राहिल्या. दहावा उजाडला तरी पोरं दामिनीबाईंच्याच मागे.

दामिनीबाईंची युक्ती साधी होती. पेरणीआधी घरोघरी धान मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाशी जातात. वर्णनाचंही तसंच, त्या म्हणाल्या. पोरं निनावी चिठ्ठ्या डब्यात टाकत. एक जण वाचे, बाकीचे ओरडत. ‘गाय फार छान आहे.’ तरंगलं! ‘गाईचं एक शिंग खांबाला घासून बोथट झालंय.’ बुडलं!

हा ओरडा भिंतीपलीकडे पाचवीत ऐकू यायचा आणि अल्काबाईंचा जळफळाट व्हायचा. न राहवून त्यांनी गुपचूप एक चिठ्ठी टाकली: ‘निसर्गाने हिरवा शालू परिधान केला आहे.’ आता कळेल यांना, भाषा कशाला म्हणतात! पोरं खिदळली. “तरंगलं!” सगळ्यांत मोठा आवाज चंदाचा, त्यांच्या लाडक्या चंदाचा. त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूड म्हणून आणखी एक चिठ्ठी टाकली आणि मजा बघायला सहावीच्या दारात उभ्या राहिल्या.

चंदानं वाचलं, “दामिनीबाईंच्या कुर्त्याची शिवण डाव्या बगलेत उसवली आहे, म्हणून त्या डावा हात कधी वर करत नाहीत. दुपारी अर्धीच पोळी खातात. अर्धी फडक्यात बांधून घरी नेतात.”

दामिनीबाईंचा डावा हात अंगाशी घट्ट चिकटला.

“बुडलं!” गजेंद्र ओरडला. “आमी रोज पाहून राहिलो, पन आमाले नाई दिसलं! कोनं लिवलं जी बाई?”

दामिनीबाईंनी चिठ्ठी हातात घेतली. शिक्षकांच्या हजेरीपटावर रोज दिसणारं अल्काबाईंचं अक्षर. तरी त्यांनी धडा सोडला नाही.

“ज्यानं लिहिलं, त्यानं मला रोज टक लावून पाहिलंय,” त्या म्हणाल्या. “इतकं माझ्या आईनंही पाहिलं नसेल. टाळ्या वाजवा.”

वर्ग दणाणला. बावीस वर्षांत अल्काबाईंच्या एकाही वाक्याला अशी दाद मिळाली नव्हती. चंदा दाराकडे वळली.

“बाई, तुमी भी वाजवा ना!”

अल्काबाईंनी वाजवल्या.