एक्केचाळीस वेळा बदललेलं मत

आमच्या गेमच्या दुकानात गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतात: हा गेम दुसऱ्याला सुचवाल का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. एक घाव दोन तुकडे. दुकान ऑनलाइन, त्यामुळे गिऱ्हाइकाचं तोंड कधी दिसत नाही, फक्त बटणाखाली लिहिलेला अभिप्राय दिसतो. ते अभिप्राय वाचायची नोकरी मी नऊ वर्षं करते आहे आणि माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं उरलं नव्हतं. चार वाक्यांत तीन शिव्या, चौथ्यात शुद्धलेखनाचा खून.

यंदा वरून फर्मान आलं की ‘मध्यम’ नावाचं तिसरं बटण आणायचं का ते ठरवा. लोकांची ही मागणी जुनीच होती. बटण नाही म्हणून त्यांनी आपली रीत पाडली होती: हो किंवा नाही दाबायचं आणि पहिल्याच ओळीत लिहायचं, ‘मधलं असतं तर तेच दाबलं असतं.’ आम्ही शंभर गेम निवडले आणि त्यांवर मत दिलेल्या प्रत्येकाला पत्र पाठवून विचारलं, मधलं बटण असतं तर दाबलं असतंत का, आणि का? उत्तरं वाचून शुक्रवारपर्यंत शिफारस मी करायची होती.

त्या शंभरांत एक गेम माझ्या धाकट्या भावाचा होता. हे मी मॅनेजरबाईंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

“मग तर तुम्ही जास्तच नीट वाचाल,” त्या म्हणाल्या. “चालू द्या काम.”

धाकट्याने ‘साकव’ हा गेम एकट्याने केला. सहा वर्षं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, नोकरी सोडून. नदीकाठी एक बाई उभी असते. पाण्याबरोबर येणारे ओंडके आणि काठावरचे दगड घेऊन पलीकडे जायला साकव बांधायचा. मधेच लोंढा येतो आणि सगळं घेऊन जातो. पुन्हा बांधायचं. गुण नाहीत, शत्रू नाहीत. बाराशे चार जणांनी मत दिलं होतं आणि हो म्हणणारे होते शेकडा एकोणसत्तर. आमच्याकडे सत्तरच्या खाली घसरलेला गेम पहिल्या पानावर येत नाही, आणि पहिल्या पानावर न आलेला गेम शोधायला कुणी जात नाही. महिनाअखेर साकव दुकानातून काढून घ्यायचा आणि पुन्हा या वाटेला जायचं नाही, असं धाकट्याने ठरवलं होतं. हे त्याने मला भांडी विसळता विसळता सांगितलं, तेही नळ मोठा सोडून.

पत्रांची उत्तरं आली तशी मी आधी त्याच्या गेमचा आकडा काढला. खोटं कशाला बोलू? ‘नाही’वाल्यांतले दोनशे चाळीस जण मधल्या बटणाकडे सरकत होते, ‘हो’वाल्यांतले नव्वद. मधली मतं गणतीत धरायची नव्हती. उरलेल्यांत हो म्हणणारे निघाले शेकडा चौऱ्याऐंशी. पहिलं पान. माझी शिफारस तिथेच ठरली. आता नुसती कारणं गोळा करायची, म्हणून मी साकवला नाही म्हणणाऱ्या तीनशे शहात्तर जणांचे अभिप्राय उघडले.

शिव्यांची तयारी ठेवून बसले होते. पण एकाने लिहिलं होतं की तिसऱ्या वळणावर ओंडक्याची सावली पाण्याच्या उलट दिशेला पडते. त्याने दुपारभर बसून तपासलं होतं. एका नर्सने लिहिलं होतं, ‘ड्यूटीवरून आल्यावर खेळते आणि उठवत नाही. माझ्यासारख्या दमलेल्या बाईला मी हा सुचवणार नाही. नाही. पण मी रोज खेळणार.’ मी चहा मागवला आणि तो तसाच गार झाला. माझ्या भावाच्या कामाकडे इतक्या बारकाईने मी, त्याच्या सख्ख्या बहिणीने, कधी पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठं काहीतरी वाटलं.

मग क्रेनवाल्याचे अभिप्राय आले. बंदरात क्रेन चालवणारा माणूस. वारा वाढला की क्रेन थांबवतात, तेवढ्या वेळात तो वर केबिनमध्ये बसून खेळायचा. आमच्याकडे दिलेलं मत बदलता येतं. बाहेर फक्त शेवटचं दिसतं, आधीची सगळी आम्हा कर्मचाऱ्यांना दिसतात. याने तीन वर्षांत मत एक्केचाळीस वेळा बदललं होतं.

‘हो. पाण्याचा आवाज खरा आहे.’

‘नाही. बत्तीस तासांचं काम एका लोंढ्यात गेलं. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.’

‘हो. दगड उलटा लावला की टिकतो.’

‘नाही. उलटा लावला तरी टिकत नाही.’

मी हसले. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

‘हो. आज मुलगी शेजारी बसली होती. तिने एक दगड लावला. तो राहिला.’

‘नाही. तिचा तेवढा राहिला, माझे सगळे गेले.’

मी त्याची सगळी मतं वाचली, मग पहिल्यापासून पुन्हा वाचली. नऊ वर्षं ज्यांना मी टवाळ समजत होते, त्यांच्यातला एक माणूस वाऱ्यात उंचावर बसून एवढ्याशा प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला तीन वर्षं धडपडत होता. असं कुणी करतं? कुणी सांगितलं नसताना?

आमच्या पत्राला त्याचं उत्तर आलं होतं. ‘दाबलं असतं. पहिल्याच आठवड्यात मधलं दाबलं असतं आणि मोकळा झालो असतो. मग पुढच्या एक्केचाळीस वेळा मला परत कोण आणणार होतं?’

शुक्रवारी मी शिफारस लिहिली: मधलं बटण नको. ज्याला खरंच धड हो म्हणवत नाही आणि धड नाही म्हणवत नाही, त्याच्यावर हा अन्याय आहे, हेही लिहिलं. पण बटण मिळालं की माणूस ते दाबून निघून जातो, आणि नाही मिळालं की बसून लिहितो. मला ते लिहिणं हवं होतं.

मॅनेजरबाईंनी दोनदा वाचलं. “आणि भावाचं?”

“एकोणसत्तरच,” मी म्हणाले.

संध्याकाळी धाकट्याकडे गेले. तो टेबल आवरत होता, वायरी गुंडाळून खोक्यात भरत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं की मधलं बटण येणार नाही, माझ्यामुळे येणार नाही, आणि तुझा आकडा हलणार नाही. तो वायर गुंडाळत राहिला. मग मी नाव न सांगता त्याला क्रेनवाल्याबद्दल सांगितलं. दगडाचं सांगितलं, मुलीचं सांगितलं.

“एक्केचाळीस वेळा?” तो खाली बसला.

“मोजून.”

“आत्ता काय आहे त्याचं?”

“नाही. मंगळवारपासून.”

धाकट्याने हातातल्या वायरीकडे पाहिलं. मग ती सोडवायला लागला.

“म्हणजे त्याचा साकव अर्धाच बांधून झाला असेल, ताई,” तो म्हणाला. “आता गेम कसा काढून घेऊ?”