बालबेकची पायरी

कापसाचा ओला बोळा उचलला आणि माझा हात तसाच थांबला. कुंकू निघालं होतं, पण त्याबरोबर पायरीवर बसलेला माणूसही निघाला होता.

चित्र आमच्या घरमालकीणबाई फ्राऊ केलर यांचं. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नचं हे घर त्यांनी सामानासकट भाड्यानं दिलं, तेव्हापासून ते बैठकीत टांगलेलं. लेबनॉनमधल्या बालबेकचं पडकं देऊळ. सहा उंच खांब, खाली फुटक्या पायऱ्या आणि शेवटच्या पायरीवर टोपी घातलेला, तांदळाच्या दाण्याएवढा माणूस.

यंदा चातुर्मासात मी रोज देवळाच्या पायरीला कुंकू लावायचा नेम धरला होता. इथे जवळ देऊळ कुठलं? हे कोणाचं, म्हणून नवऱ्याला, शिरीषना, विचारलं, तर म्हणाले, विजांच्या देवाचं, आपल्या इंद्रासारखा. म्हटलं, देव तो देव. चित्राची काच उन्हाळ्यात पुसताना तडकली, ती काढूनच ठेवली होती. त्यामुळे रोज स्नान झालं की पायरीवर कुंकवाचं बोट टेकवायचं आणि हात जोडायचे. छापील चित्र असणार, नंतर पुसलं की झालं, असं मी धरून चालले. कार्तिकी झाली, नेम पुरा झाला, दुसऱ्या दिवशी फ्राऊ केलर हीटिंगचं मीटर बघायला यायच्या होत्या, म्हणून पुसायला घेतलं.

छापील नव्हतं. हातानं रंगवलेलं होतं.

शिरीष मला समजावत राहिले. "अगं, दाण्याएवढा माणूस तो. मी नवी काच बसवतो. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"अहो, चार महिने ज्या पायरीला हात जोडले, तिच्याबद्दलच खोटं बोलू?"



फ्राऊ केलर आल्या तेव्हा मी चित्र टेबलावर ठेवलं आणि मोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला. वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ते माझे पणजोबा," त्या म्हणाल्या. "पणजीनं तिथे बसून काढलं होतं. त्यांचं दुसरं चित्र नाही. फोटोही नाही."

शिरीष खुर्चीत खाली बघत बसले.

मग फ्राऊ केलरनी विचारलं, तो कापूस कुठे आहे?

कुंकू कचऱ्यात टाकत नाहीत. बोळा मी खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत ठेवला होता. त्यांनी तो स्वतः दोन बोटांनी उचलला. लाल होता, मध्ये कुठेतरी तपकिरी. रंग की माती, कोण सांगणार? त्यांनी रुमाल उलगडला, बोळा त्यात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला.

"म्हणजे तुम्ही त्यांची रोज पूजा करत होता?"

हो म्हटलं असतं तर त्यांना थोडं बरं वाटलं असतं, हे मला दिसत होतं.

"त्यांची नाही," मी म्हटलं. "पायरीची."

त्यांनी मान हलवली. चित्र टेबलावरच राहू दिलं आणि जिना उतरून गेल्या.