कपाळापुरती माती

"पाच वर्षांनी आपला क्लब तुम्हाला कुठे दिसतो, काका?" अजिंक्यने विचारलं.

"कुठं म्हंजे? हितंच. मिरजोळ्यात," बाबल्याकाका म्हणाले आणि सगळी बैठक फिस्सकन हसली.

अजिंक्य मुंबईत नोकरीला. शिमग्याला गावी आला की आम्हाला सुधारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. या वेळी त्याने आमच्या कबड्डी मंडळाचं पंचवार्षिक नियोजनच काढलं होतं. त्यातलं एक म्हणणं मात्र मलाही पटत होतं, कारण मुलींचा संघ मी सांभाळते. मोठे सामने आता मॅटवर होतात. आमच्या पोरी तिथे घसरतात, गुडघे फोडून घेतात आणि हरून येतात. मैदानावर मॅट हवीच होती.

पण मैदान म्हणजे बाबल्याकाका. कंपनीतली पाळी संपली की ते घराआधी तिथे येत. जांभ्याचे खडे वेचत, माती चाळत, झारीने पाणी मारत. चप्पल घालून आत आलेल्या सरपंचालाही त्यांनी हाकललं होतं: "मेल्या, पोरांनी तोंडावर पडायचं हाय हितं!"

बैठकीत सगळे त्यांच्याकडेच बघायला लागले.

"माझ्याकडं काय बघताव? घ्या मॅट. पोरींचं गुडघं बघवत न्हाय मला."

मला भरून आलं. असा माणूस आपल्या गावात आहे याचा अभिमानही वाटला.

गणपतीआधी वर पत्रे चढले, खाली मॅट आली. अजिंक्य मुद्दाम रजा काढून आला. पहिल्या संध्याकाळी आम्ही पोचलो तर नवीकोरी मॅट चिंब, आणि मध्ये झारी घेऊन काका उभे. इतक्या वर्षांची हाताची सवय, दुसरं काय!

"काका, वेड लागलंय का?" अजिंक्य ओरडला.

काका एवढेसे झाले. खांद्यावरचा टॉवेल काढून गुडघ्यावर बसले आणि पुसत सुटले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यानंतरही नाहीत.

शेवटी मी आणि आमची कॅप्टन संस्कृती त्यांच्या घरी गेलो.

"पाळीवरनं येतात नि पडवीत बसतात," कमळाकाकी म्हणाल्या. "बोलत म्हणून न्हायत."

"आता तिकडं माझं काय काम?" काका म्हणाले.

अजिंक्यच्या नियोजनात प्रशिक्षक होता, प्रायोजक होता, फेसबुकचं पानसुद्धा होतं. काका कुठेच नव्हते. असा संताप आला मला त्या पोराचा!

"काका, आमचं अडलंय," संस्कृती म्हणाली. "आत शिरताना मॅटला हात लावून कपाळाला लावतो, तर हाताला काहीच लागत नाही. कडेची माती घेतली, तर नुसते खडे. नमस्कार केल्याशिवाय चढाईला पाय उचलत नाही हो."

काका नुसते तिच्या कपाळाकडे बघत राहिले.

दुसऱ्या संध्याकाळी मॅटच्या कडेला वीतभर रुंदीचा पट्टा तयार होता. चाळलेली, ओलसर, लाल माती. पोरी एकेक करून वाकत होत्या, बोटं टेकवून कपाळाला लावत होत्या. आणि पट्ट्याच्या टोकाला, चपला बाहेर काढून, टॉवेल पुढे धरून काका उभे होते.

"हात पुसा गो आधी!" ते प्रत्येकीला दटावत होते. "मॅट मळंल."