फॉर्मवर दोन नावं

श्रीरामपुरात उसाचं गाळप सुरू झालं, कारखान्याचा धूर थंडीनं खाली बसू लागला, की चांगुणाबाईंचा दमा उठायचा. म्हणून हिवाळाभर त्या मस्कतला, नर्स असलेल्या लेकीकडे राहत.

यंदा विमा एजंट पंकजनं प्रवास विम्याचे दोन फॉर्म आणले. "मावशी, हा स्वस्त, पण यात जुनं दुखणं धरत नाहीत. हा महाग, यात दमा लिहायचा."

"स्वस्तच भर," नवरा रखमाजी म्हणाला. "निघताना दुखण्याचं नाव काढू न्हाई."

"आन् तितं धाप लागली तर?"

"बिल मस्कतच्या ताईंवर," पंकज म्हणाला.

चांगुणाबाईंना गेल्या साली दवाखान्यात रात्रपाळी करून तशीच उशाशी बसलेली लेक आठवली.

"महागाचा भर. तीस वर्सं नांदतोय माज्यासंगं हा दमा, पदर धरून येनारच. लपवून कुनाला फसवायचं?"

पंकजनं दमा लिहिला.

"चाळीस वर्सं मीबी नांदतोय," रखमाजी पुटपुटला. "माजं नाव कुटं हाय कागदावर?"

चांगुणाबाई हसल्या. "पंकज, वारसाचा रकाना हाय का रं? तितं ह्यांचं घाल."