निरक्षरानंदांचं आसन

स्वामी निरक्षरानंदांनी जन्मात एक अक्षर वाचलेलं नव्हतं, म्हणूनच ज्ञान थेट त्यांच्या जिभेवर उतरत असे. याबद्दल शंकेला जागा नव्हती, कारण आपल्या एकशे चाळीस व्हिडिओंत त्यांनी स्वतःच तसं सांगितलं होतं.

एकशे एकेचाळिसाव्याचं चित्रीकरण रविवारी शुक्रवार पेठेतल्या एका मंगल कार्यालयात होतं. पाय ठेवायला जागा नव्हती. दारात नाव, पत्ता, दुखणं असा फॉर्म भरायचा. फॉर्म आतल्या खोलीत जाई. मग स्वामी कॅमेऱ्याकडे रोखून बघत नावानिशी दुखणं सांगत, आणि माणसं पाया पडत.

तिसऱ्या रांगेत महेश्वरी आईचा हात धरून बसली होती. पेठेतच तिचं चष्म्याचं दुकान. आई कमलम्माला काचबिंदू. दोन महिन्यांपूर्वी स्वामींनी थेंब बंद करायला सांगितले आणि तिनं बाटली फेकून दिली. तेव्हापासून ती दारांच्या चौकटींवर आदळत होती. बाजूचं दिसत नाही, ही तक्रार स्वामींपर्यंत गेली, तर त्यांनी अभिनंदन केलं. नजर आत वळू लागली होती म्हणे.

"अव्वा, त्यांनी सांगितलं ते तूच फॉर्मवर लिहून दिलं होतंस," महेश्वरी म्हणाली.

"दिलं की. पर त्यांना वाचायला येतंय कुटं?"

या युक्तिवादापुढे महेश्वरी दोन महिने हरत आली होती.

आज ती पहिल्यांदाच स्वामींना समोरून बघत होती, आणि धंद्याची सवय म्हणून डोळेच बघत होती. बुबुळं डावीकडून उजवीकडे बारीक उड्या मारत जायची आणि झटकन डावीकडे परतायची. आठवून बोलणाऱ्याचे डोळे असे चालत नाहीत. दुकानातला अक्षरांचा तक्ता वाचणाऱ्याचे चालतात. शिवाय नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्यानं पाडलेले खळगे होते, आणि लांबच्या भक्ताकडे बघताना स्वामी डोळे बारीक करत होते.

तिनं उठून हात जोडले. कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्यामुळं मागच्यांना दर्शन होत नाही, तेवढं आसन स्वामींच्या पाठीमागच्या भिंतीला न्यावं, असं म्हणाली. कॅमेरा सांभाळणारा बसू नावाचा शिष्य घाईघाईनं म्हणाला की आसन मंत्रानं बांधलेलं आहे.

"मग सोडा की," मागच्या रांगेतली राजाबाई म्हणाली. "सकाळपासनं आमी फडकंच बघतोय."

हो-हो करत चौघांनी स्वामींसकट आसन उचललं आणि दहा फूट मागं नेऊन ठेवलं.

पुढचं नाव कमलम्माचं. स्वामींनी डोळे बारीक केले. मान पुढं काढली. "कमलम्मा... तुझा... गुडघा..."

"गुडघा माझा हाय," राजाबाई म्हणाली.

स्वामी उठले. एक पाऊल पुढं आले, दुसरं आले. जसजसे जवळ येत गेले, तसतशी कमलम्माची सगळी माहिती बरोबर येत गेली.

महेश्वरीनं फडकं उचललं. खाली लॅपटॉप आडवा ठेवलेला, त्यावर तिरकी बसवलेली काच, काचेमागं कॅमेरा. पडद्यावर उलटी अक्षरं, काचेत तीच सुलटी. आत बसलेला माणूस फॉर्म बघून टाइप करत होता, ते इथं उमटत होतं. चष्म्यावर अक्षरं चमकू नयेत म्हणून स्वामी तो काढून बसत. तिनं मोठ्यानं वाचलं: "कमलम्मा, शुक्रवार पेठ, काचबिंदू. राजाबाई, मैंदर्गी, गुडघा."

"ही दिव्य काच आहे," स्वामी म्हणाले. "योग्यालाच दिसते."

"मला बी दिसतंय की," राजाबाई म्हणाली. ती काचेपाशी येऊन पोचली होती.

महेश्वरी आईकडे वळली. "अव्वा, बघून वाचणं गुन्हा नव्हं. पण ह्यांनी तुझा डोळा बघितलाच नाही, कागद बघितला. डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजलाय. थेंब कुणी थांबवायचे, ते तूच ठरव."

कमलम्मा काठी चाचपत म्हणाली, "नवी बाटली आण."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी टिकवता येते. सकाळी एक, रात्री एक.