तिरक्या मापाची सरासरी

वास्तुकलेच्या पदव्युत्तर वर्गातून दरवर्षी एकालाच मिळणारी प्रवास-फेलोशिप तिला मिळाली. विषय होता कामगारांच्या जुन्या इमारती. चार महिने गावोगाव हिंडायचं, खोल्या मोजायच्या, नकाशे काढायचे. तिसऱ्या शहरात तिने एका शिंप्याची खोली मोजली. टेपचं दुसरं टोक शिंपीकाकाच धरायचे.

"जन्मभर माणसं मोजली," ते म्हणाले. "भिंतीचं एक बरं, पोट आत ओढून उभी राहत नाही."

खोली काटकोनात आहे का, हे पाहायला कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घेतात. पहिल्या दिवशी ते पाच हजार दोनशे बारा मिलिमीटर भरलं. वीस दिवसांनी निघताना तिने पडताळून पाहिलं, तर पाच हजार दोनशे एकतीस. शेजारच्या प्लॉटवर तळघराचं खोदकाम चालू होतं, तावदानं थरथरत होती.

"कपाळाला आठ्या कशाला गं?"

"आकडा जुळत नाही, काका."

"खोलीत खोट नाही ना? लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येणार आहे. तू सांग, बोलावू का?"

टेपला झोल पडला की माप जास्त भरतं, हे पहिल्या वर्षापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. "बोलवा की. टेपच ढिली होती." वहीत दोन्ही आकडे तारखेसह राहिले. नकाशावर गेली सरासरी. वर्गात सगळे असंच करत.

सात आठवड्यांनी इमारत कोसळली. काका आणि वरच्या मजल्यावरचे दोघं गेले. लेक बाळाला टोचून घ्यायला दवाखान्यात गेली होती, म्हणून मायलेकरं वाचली.

लेकीचा फोन आला. "बाबांनी मशीनला जागा करायला मधली भिंत पाडली, त्यामुळे इमारत पडली, असं चौकशीत म्हणतायत. ती भिंत पाडून बावीस वर्षं झाली. तीन माणसं बाबांच्या माथी मारतायत. तुमच्याकडे काही आहे का?"

वही घेऊन ती सरांकडे गेली. फेलोशिपचं काम तेच पाहत. त्यांनी दोन्ही पानं वाचली आणि चष्मा काढला.

"याचा अर्थ कळतोय?"

"खोदकाम चालू असताना इमारत सरकत होती."

"आणि ते तुला दिसलं होतं. समिती फेलोशिप काढून घेईल. पुढे तुला कोण दारात उभं करेल? नकाशा दे, वही राहू दे."

"सर, नकाशात एकच आकडा आहे, तारीखही नाही."

"सरासरी मीच शिकवली तुम्हाला," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "माझंही नाव निघेल."

घरी येऊन तिने दोन्ही पानांचे फोटो लेकीला पाठवले. खाली लिहिलं, फरक मला तेव्हाच दिसला होता, मी टेपची चूक समजले.

चार दिवसांनी पुन्हा फोन आला. "पानं घेतली त्यांनी. बाबांवरचा ठपका जाईल म्हणतात." मग तिने विचारलं, "एकोणीस मिलिमीटर म्हणजे किती हो?"

"अंगठ्याच्या रुंदीएवढं."

"एवढ्या फरकाला बाबा अख्खा सदरा उसवायचे," लेक म्हणाली.

पलीकडे बाळ रडायला लागलं, तसा लेकीने फोन ठेवला.